रेसिंगचं इंजिन फ्लॉप करायचंय? आधी होंडाकडे बघा

तुमच्याकडे बक्कळ पैसा आहे, एक कारखाना आहे आणि फॉर्म्युला वनचं इंजिन बनवायची खाज सुटलीय, तर इंजिनाच्या आधी जुना अल्बम बाहेर काढा. १९८८ साली मॅक्लारेन टीमने होंडाच्या इंजिनावर १६ पैकी १५ रेस मारल्या, ड्रायव्हर आयर्टन सेना काय, अ‍ॅलन प्रॉस्ट काय, ती लाल-पांढरी गाडी काय, हे इतक्या वेळा सांगा की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे इंजिन बनून तयारच आहे, फक्त बसवायचं बाकी आहे. होंडाने २०१३ च्या मे महिन्यात मॅक्लारेनबरोबर परत येतोय म्हणून जाहीर केलं तेव्हा सगळे असेच हरखले होते. हायब्रिडचे, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला वीज वापरायचे, नवे नियम २०१४ ला लागले, मर्सिडीज, फेरारी, रेनॉ तिघंही वेळेवर हजर. तुम्ही २०१५ ला या. बाकीच्यांच्या चुका बघून शिकता येतं म्हणे.

आता खरी मेख. इंजिन केवढं असावं हे इंजिनवाल्यांना अजिबात ठरवू देऊ नका, ते गाडीची बॉडी बनवणाऱ्यांवर सोडा. मॅक्लारेनला गाडीचा मागचा भाग चवळीच्या शेंगेसारखा हवा होता, त्याला नावही 'साइज झिरो' दिलं, मग होंडाने टर्बोचा बिचारा कंप्रेसर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत कोंबला. खाच लहान म्हणून टर्बो लहान, टर्बो लहान म्हणून एक्झॉस्टच्या गरम हवेतून वीज बनवणारी मोटर अर्धपोटी, आणि वीज कमी म्हणून गाडी ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्याच्या मध्यात पोचते न पोचते तोच करंट संपतो आणि १६० हॉर्सपॉवर गायब. मागचा ड्रायव्हर आरामात बाजूने निघून जातो. पण दिसायला गाडी स्लिम हां, ते मान्य करायलाच हवं.

ऑस्ट्रेलियात पहिल्याच रेसला एक गाडी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, पोचायच्या आधीच बंद पडली आणि दुसरी शेवटून पहिली आली. घाबरू नका, पार्ट बदलत राहा. बेल्जियमला होंडाने इतके पार्ट बदलले की दोन्ही गाड्यांना मिळून १०५ जागा मागे जायची पेनल्टी बसली. ग्रिडवर गाड्या होत्या २०. उरलेल्या जागा कुठे मोजायच्या हे मला अजून कळलेलं नाही, बहुतेक पार्किंगमध्ये.

ड्रायव्हर मात्र नीट निवडा, दोन वेळचा चॅम्पियन आणि तोंडाने फटकळ असा. फर्नांडो अलोन्सोने 'जीपी२ इंजिन!' म्हणून रेडिओवर बोंब मारली ती कुठे, तर सुझुकाला, म्हणजे होंडाच्या स्वतःच्या ट्रॅकवर, मालक मंडळी हजर असताना. खालच्या सीरिजचं इंजिन दिलंय असं सगळ्या जगाला ऐकवलं. यावर उपाय सोपा, प्रोजेक्टचा साहेब बदला. २०१६ ला अराई गेले, हासेगावा आले.

आणि त्या वर्षी चक्क बरं चालायला लागलं हो, ७६ पॉइंट, सहावा नंबर. इथे गाफील राहिलात तर इंजिन सुधारेल. ताबडतोब सगळी मांडणी मोडा आणि २०१७ साठी नव्याने सुरू करा, मर्सिडीजसारखा कंप्रेसर पुढे, एक्झॉस्टच्या हवेने फिरणारं टर्बाइन मागे. टेस्टिंग कारखान्यातल्या बेंचवरच उरका, कारण बेंच कधी वळत नाही, ब्रेक मारत नाही, त्यामुळे ऑइलच्या टाकीतलं ऑइल शहाण्यासारखं जागेवर बसतं. बार्सिलोनाच्या ट्रॅकवर इंजिन गाडीत बसवल्यावर ते इकडचं तिकडे व्हायला लागलं, वर गिअरबॉक्स जोडल्यावर बेंचवर न जाणवलेली थरथर सुरू झाली. अलोन्सो वैतागून मोनॅकोची रेस सोडून इंडियानापोलिसला ५०० मैलांची रेस करायला गेला, तिथेही होंडाचंच इंजिन, आणि शेवटचे २१ लॅप राहिले असताना तेही धूर सोडून बसलं. वर तिथल्या त्याच अँड्रेटी टीमचा ताकुमा सातो त्याच कंपनीच्या इंजिनावर जिंकला, हे जास्त झोंबलं असणार.

तुम्ही इंजिनवाले नसून गिऱ्हाईक असाल तर तुमच्यासाठीही आहे. तीन वर्षं सोसायचं आणि इंजिन सुधारायच्या बेतात आलं की काडीमोड घ्यायचा. मॅक्लारेन २०१८ ला रेनॉकडे गेली, तरी गाडीत दम नाहीच, म्हणजे तीन वर्षं सगळा दोष इंजिनाचाच होता असंही नाही म्हणायचं. तिकडे टोरो रोस्सोसारख्या छोट्या टीमने होंडाला घेतलं, आणि दुसऱ्याच रेसला बहारीनमध्ये त्यांचा ड्रायव्हर गॅस्ली चौथा.

होंडाकडून अजून एक घ्यायचं, आपल्याच कंपनीत विमानाची जेट इंजिनं बनवणारा विभाग आहे हे शक्य तितक्या उशिरा लक्षात येऊ द्यायचं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तो सारखा दगा देतोय, आणि असले शाफ्ट ज्यांच्या रोजच्या कामाचे ती माणसं त्याच कंपनीच्या पगारावर! त्यांना विचारलं आणि दुखणं सुटलं. आधी विचारलं असतं तर एवढी करमणूक झाली असती का आपली?

मग २०१९ ला रेड बुलच्या गाडीत ऑस्ट्रियाला पहिला विजय, २००६ नंतरचा. आता शेवटचं. इंजिन एकदाचं जमलं की बाहेर पडायचं जाहीर करा. होंडाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की पुढचं वर्ष शेवटचं, आणि त्याच शेवटच्या वर्षी रेड बुलचा ड्रायव्हर व्हर्स्टाप्पेन वर्ल्ड चॅम्पियन. एवढं झाल्यावर करमत नाहीच, म्हणून २०२३ च्या मे मध्ये परत जाहीर करा, २०२६ पासून येतोय, ॲस्टन मार्टिनबरोबर.

त्या टीमचा ड्रायव्हर तेवढा बघून घ्या. अलोन्सो.