आजचे नववे

पाऊस थांबला होता आणि पँट नुकतीच इस्त्रीहून आली होती. पूर्वपीठिका एवढीच. सदाशिव पेठेतल्या एका फुटपाथवर उजवा पाय लाल ब्लॉकवर पडला, ब्लॉक डुलला आणि खालच्या गढूळ पाण्याची पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत आली.

"नववे," बाजूच्या कट्ट्यावरून आवाज आला.

छत्री मांडीवर आडवी टाकून एक आजोबा बसले होते.

"काय नववे?"

"तुम्ही. सकाळपासूनचे. आठव्या एक ताई होत्या. चपळ! ब्लॉक हलतोय म्हटल्यावर टुणकन शेजारच्यावर गेल्या. तोही सुटलेलाच आहे."

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं पहिल्याला. तो म्हणाला, 'तुम्हाला काय करायचंय?' त्याच ब्लॉकवर उभा राहून म्हणाला. तेव्हापासून मी नुसता मोजतो."

आयुष्यभर ओव्हरसियरकी केलेला माणूस. छत्रीचं टोक फटीत घालून त्यांनी ब्लॉक उचकटला. खाली डबकं, त्यात वेफर्सचं पाकीट. "ब्लॉकला बोल लावू नका. केबलसाठी खणलं, माती एकदम ढकलली. ती पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थरावर धुम्मस, म्हणजे माती ठोकून बसवायचं जड ठोकणं, मारायची असते. वर खडी, मग तीनेक सेंटिमीटर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मग ब्लॉक, आणि सांध्यांत बारीक वाळू. इथे सांधे मोकळेच. पाणी आत शिरलं, कच घेऊन गेलं, हौद तयार! शिवाय हा ६० मिलिमीटरचा ब्लॉक, माणसांपुरता. गाड्या चढायच्या तर ८० चा लागतो."

गाड्या चढतात, हे ते इतक्या शांतपणे बोलले की माझंच डोकं फिरलं. फुटपाथच्या तोंडाशी खांब आहेत. व्हीलचेअर जावी म्हणून त्यांच्यात ९० सेंटिमीटरची फट ठेवलीय. अ‍ॅक्टिव्हा असते सुमारे ७० ची. आता बोला! आत आलेली अ‍ॅक्टिव्हा वर आपल्यालाच हॉर्न मारते.

आणि उंची? रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेतच होतं, फुटपाथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला सलग १.८ मीटर मोकळे हवेत. म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी 'आधी तुम्ही' करावं लागत नाही. आमच्याकडे त्या १.८ मध्ये विजेची डीपी, झाड आणि मिसळीचा फलक नांदतात. सोसायटीचं फाटक आलं की फुटपाथ लोटांगण घालतो, पुढे परत उठतो. खरं तर फुटपाथ सपाट राहायला हवा, चढउतार गाडीने करावा. तिला इंजिन आहे, आजींना गुडघे आहेत. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या फरशीवर लांब रेषा म्हणजे चाला, गोल ठिपके म्हणजे थांबा. इथल्या रेषा डीपीवर जाऊन आदळतात. मध्ये एकही ठिपका नाही. याचं हसू येत नाही.

पुण्यात जमत नाही असंही नाही. जंगली महाराज रस्त्याचा रुंद केलेला फुटपाथ बघा. झाडं तोडली नाहीत, बसायला जागा आहे, दोघं गप्पा मारत शेजारीशेजारी चालतात. सगळीकडे तेवढी रुंदी नाही, मान्य. पण धुम्मस मारायला रुंदी कशाला लागते?

तेवढ्यात कानात इअरफोन घातलेला एक मुलगा येताना दिसला. आजोबांनी छत्रीने माझा ओला गुडघा दाबला. मला राहवलं नाही. "अरे, जपून!"

त्याने एक इअरफोन काढला. "काय?" नेमका त्याच ब्लॉकवर थांबून.