टिंब कुठे द्यायचं, हे कोणी ठरवायचं?

परीक्षेचे पेपर हातात पडले की गंगापूर रोडवरच्या आमच्या शिकवणीत पालकांची रीघ लागते. यंदाचा वाद: इंग्रजीत 'मिस्टर'च्या 'एम-आर'पुढे टिंब नाही, म्हणून अर्धा मार्क कापला. माझ्या मते कापायलाच नको होता. संक्षेपात शब्दाचं शेवटचं अक्षर आलं असेल, तर ब्रिटिश पद्धतीत टिंब देत नाहीत. 'प्रोफेसर' मध्येच तोडून 'प्रोफ' केला, तर देतात. अमेरिकन माणूस दोन्हीकडे देतो. (आपण तर 'श्री.' लिहितो. अख्खा शब्द, वर टिंब! लग्नपत्रिकेचे मार्क कोणी कापत नाही.)

इंग्रजीसाठी असे नियम ठरवणारं सरकारी खातं कुठेच नाही. ऑक्सफर्डच्या छापखान्याने १८९३ मध्ये आपले नियम छापले, शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९०६ मध्ये आपले. वर्तमानपत्रांचे आणखी वेगळे.

अवतरणचिन्हांच्या बाबतीत मी ब्रिटिशांच्या बाजूची. अमेरिकेत वाक्याचा पूर्णविराम सरसकट चिन्हाच्या आत ढकलतात, मग तो अवतरणातला असो वा नसो. आता कुणाला इंग्रजीत कळवायचंय की पासवर्ड आहे 'गोदावरी', आणि टिंब आत गेलं. ते पासवर्डमधलं की वाक्याचं? बसा शोधत!

पण यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधीचा स्वल्पविराम मला हवाच. गंमत म्हणजे नाव 'ऑक्सफर्ड कॉमा', पण बहुतेक ब्रिटिश तो टाळतात आणि पुस्तकी अमेरिकन इंग्रजीत तो पक्का. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम मिळत नाही त्यांच्या यादीत, तो नव्हता. 'पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण' ही दोन कामं की एकच, यावर दूध कंपनीचे ड्रायव्हर कोर्टात गेले. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. अर्ध्या मार्काचं काय घेऊन बसलात!

आणि आपल्या द्राक्षवाल्यांना तर हे ठाऊक हवंच. जर्मनी-नेदरलँड्समध्ये दशांशाला स्वल्पविराम वापरतात. तिकडच्या कागदावर '४,५०० किलो' दिसलं तर पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये गाडीचा हिशेब सुरू व्हायचा, आणि लिहिणाऱ्याच्या मनात साडेचार किलोची एक पेटी!

दहा लाखांसाठी इंग्रजीत '१०,००,०००' लिहिणाऱ्या मुलालाही चूक म्हणू नका. भारतातल्या इंग्रजीत हेच चालतं, बँकेपासून बजेटपर्यंत. फक्त बिल लंडनला जाणार असेल, तर '१,०००,०००' करा.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, प्रश्नपत्रिकेवर एक ओळ छापा: 'ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतीही एक पद्धत शेवटपर्यंत पाळावी.' मग एकाच पानावर दोन्हींची खिचडी करणाऱ्याचे मार्क खुशाल कापा. पालकांशी मी बोलेन.