फ्रीझरातले मोदक आणि आपली अब्रू

गणपतीच्या तोंडावर उकडीच्या मोदकांचं फ्रोझन पाकीट घरात आणलं असेल, तर आधी ते लपवायला शिका. मटारच्या पिशवीमागे वगैरे नको, तिथं सासूबाईंचा हात जातो. आईस्क्रीमचा जुना डबा घ्या. त्यात आईस्क्रीम नसून खोबऱ्याचं वाटण असतं, हे घरातल्या प्रत्येक पोराला लहानपणीच मोठी निराशा पचवून कळलेलं असतं. त्यामुळे तो डबा आपणहून कुणी उघडत नाही.

लपवायला शिका असं मुद्दाम म्हणतोय, कारण तुम्हाला सवय नसणार. आपल्या लहानपणी पाकीट मिरवायची वस्तू होती. 1983 साली मॅगी भारतात आली आणि पुढे कधीतरी आमच्याकडे मुंबईच्या काकांच्या पिशवीतून उतरली. आईनं त्यात गाजर, मटार, कोबी घातला, वरून कोथिंबीर पेरली आणि दोन पाकिटांत सात माणसं जेवली. दोन मिनिटं कुठली? वातीच्या स्टोव्हवर आधण यायलाच पंधरा लागत. मसाल्याची रिकामी पुडी कुणी चाटायची, यावरून भावाशी झालेली मारामारी तर अजून मिटलेली नाही. पाहुण्यांपुढे गुलाबजाम ठेवताना आई अभिमानानं सांगायची, "गिट्सचे आहेत हो!" आतून त्यांची गोटी झालेली असायची, पण पाहुणेही तितक्याच आदरानं विचारत, "पाकिटातले? वाटत नाहीत!" रसनाच्या एका पाकिटात 32 ग्लास होतात म्हणे. आमच्याकडे चाळिसाच्या खाली कधीच आले नाहीत.

तेव्हा दुसरा सल्ला असा, की या आठवणी सांगताना गळा दाटून आला पाहिजे. "आताच्या पोरांना काय कळणार खरी चव" हे वाक्य चुकवू नका. मोमोफुकू आंदो नावाच्या गृहस्थांनी 1958 साली जपानात पहिले इन्स्टंट नूडल्स विकायला काढले, ते झटकन शिजत कारण कारखान्यातच तळून वाळवलेले असत, आणि आपलं बालपणही त्याच युक्तीवर पोसलंय, असला तपशील मध्ये आणून रसभंग करू नका. 2015 च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती उठवली आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानात परतली. मधले पाच महिने आपण कसे काढले, हे मात्र नातवंडांना जरूर सांगा. दुष्काळ सांगतात त्या आवाजात.

अमेरिकेतला भाचा आला की जपून. त्याच्या फ्रीझरमध्ये पुरणपोळ्या, थालीपीठं, चिरलेली भेंडी असं अख्खं माहेर असतं आणि तो ते उघडपणे सांगतो. लाजच नाही. दोष त्याचा नाही, देशच तसा. स्वॉन्सन कंपनीनं तिथं 1954 च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या कप्प्याकप्प्यांच्या ताटात टर्की, रताळं आणि मटार गोठवून विकले, 98 सेंटला एक ताट. डाव्या बाजूला चटणी नाही, कोशिंबीर नाही, मीठसुद्धा वाढलेलं नाही, आणि लोक ते टीव्हीसमोर बसून जेवले!

मटारचं मात्र आपल्याकडे सोवळं वेगळं. कंपनीनं उकळत्या पाण्यातून काढून गोठवले तर ते "प्रोसेस्ड". सासवडचा मटार स्वस्त झाल्यावर तुम्ही दहा किलो सोलून, चिमूटभर साखरेच्या पाण्यातून काढून, गार करून पिशव्या भरल्या, तर ती बेगमी. मग वर्षभर तीच पिशवी कुणाचा गुडघा सुजला की त्यावर, आणि संध्याकाळी उसळीत.

आता मोदकांकडे वळू. ते वितळू द्यायचे नाहीत, पारी फाटते. गोठलेलेच थेट चाळणीत, खाली हळदीचं पान. पान ताजंच हवं, तिथं काटकसर नको, कारण अब्रू पानावर आहे. कारखान्याच्या कळ्या फार सारख्या असतात, तेव्हा चार-पाच मोदकांची नाकं हातानं थोडी वाकडी करा. गालाला तांदळाची पिठी लावा. कंबरेवर हात ठेवून एकदा "आई गं" म्हणा. कुणी कृती विचारली तर "अंदाजानंच हो" एवढंच पुरे.

मी हे सगळं गेल्या वर्षी तंतोतंत केलं. नैवेद्याला एकवीस लागतात आणि पाकीट दहाचं येतं, म्हणून तीन आणली. वरच्या मजल्यावरच्या काकू दर्शनाला आल्या. केळीच्या पानावरचा मोदक फोडला, तूप सोडलं, डोळे मिटून खाल्ला.

"सुरेख झालेत," म्हणाल्या. मग हळूच जवळ सरकून, "उरलेले नऊ कुठे ठेवलेत? आमच्या फ्रीझरला जागाच राहिली नाही, आमचेही नऊ आहेत."