विषय एनआरआयचा नाही, यादीचा आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

डायस्पोरा (मूळ भूमी सोडून विखुरलेला समाज) आणि स्थलांतर या विषयावर एम.ए.चा लघुप्रबंध कसा करावा, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही लांबलं आहे. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. एक, हा विषय म्हणजे अमेरिकेतल्या सुखवस्तू मराठी माणसांच्या गणेशोत्सवाचं कौतुक. दोन, परदेशात पाऊल न टाकता नागपुरात बसून त्याचा अभ्यास होऊच शकत नाही. तीन, 'डायस्पोरा' हे लेबल आता नागपूरजवळच्या कामठीतल्या तेलुगू कुटुंबांपासून शहरातल्या जरीपटक्याच्या सिंध्यांपर्यंत कोणालाही चिकटवलं जातं. आणि जाता जाता, 'यानं नोकरी मिळते का?'

पहिला आक्षेप पुष्कळ प्रबंधांना लागू पडतो, पण त्याचं कारण अगदी साधं आहे. विद्यार्थी परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या पदाधिकाऱ्याला गाठतो, तो आपल्या ओळखीची दहा नावं देतो आणि मुलाखती त्या दहा जणांच्याच होतात. मग 'संस्कृती जपण्याची धडपड' हा निष्कर्ष निघाला तर नवल काय! मंडळात जाणाऱ्यांनाच विचारलं होतं. जे मंडळाची पायरी चढत नाहीत, किंवा ज्यांना तिथे परकं वाटतं, ते या साखळीत कधी येतच नाहीत.

यावरचा उपाय नमुना निवडतानाच करावा लागतो. सुरुवात निदान चार वेगळ्या दारांतून करा: एक मंडळ, एक बुद्धविहार किंवा आंबेडकरी संघटना, एक मशीद किंवा चर्च, आणि कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. एका माणसाकडून दोनपेक्षा जास्त नावं घेऊ नका. कोणतं नाव कोणाकडून आलं याचा तक्ता ठेवा आणि तो परिशिष्टात द्या. दीक्षाभूमीच्या शहरात दुसरं दार शोधायला अडचण पडू नये. हे दार का महत्त्वाचं? अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या परिषदेने 21 फेब्रुवारी 2023 ला जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेलं तसंच विधेयक ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने नकाराधिकार वापरून परत पाठवलं. परदेशातला भारतीय समाज या प्रश्नावर किती दुभंगलेला आहे हे त्या दोन घटनांतून दिसतं. ज्या प्रबंधात जात हा रकानाच नाही, त्याला हे दिसणार कुठून?

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी मुळीच सहमत नाही. स्थलांतराला दोन टोकं असतात आणि त्यातलं एक नागपुरात आहे. बहुतेक संशोधन गेलेल्या माणसाभोवती फिरतं. मागे राहिलेलं घर, म्हणजे पैसे कोणाच्या खात्यात येतात, आईवडिलांच्या दवाखान्याचं कोण बघतं, प्लॉट कोणाच्या नावावर घेतला जातो, हे त्यात तळटीपेपुरतं उरतं. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने 1998 पासून केरळ स्थलांतर सर्वेक्षण चालवलं, तेही घरच्या टोकाकडूनच: केरळातल्या घरी जायचं आणि तुमच्या घरातलं कोण बाहेर आहे ते विचारायचं. या पद्धतीची उणीव प्रबंधात नोंदवावीच लागते. अख्खं कुटुंब गेलं असेल तर दार उघडायलाच कोणी नसतं, म्हणून अशी कुटुंबं मोजणीतून गळतात. नागपूरच्या आयटीवाल्या घरांत तर हे हमखास होतं. आईवडील मुलाकडे सहा महिने राहायला गेले की कुलूप, आणि यादीत 'प्रतिसाद नाही'.

कामाचा अंदाजही आधी घ्या. विद्यार्थी उत्साहात पंधरा कुटुंबं धरतात: घरी एक मुलाखत, बाहेरगावच्या माणसाशी व्हिडिओवर दुसरी, प्रत्येकी पाऊण तास. म्हणजे साडेबावीस तासांचं ध्वनिमुद्रण. एक तास उतरवून काढायला सहा तास धरले तर नुसत्या टंकलेखनाचे 135 तास झाले. एका सत्रात हे झेपत नाही आणि शेवटच्या पाच मुलाखती कधी उतरवल्याच जात नाहीत. आठ कुटुंबं घ्या, 72 तासांत काम होतं. दुबईशी बोलायला दीड तासाचाच फरक आहे, शिकागोशी हिवाळ्यात साडेअकरा तासांचा. तिथली सकाळ गाठायची तर इथली संध्याकाळ मोकळी ठेवा. उतरवताना लोकांचं मराठी-हिंदी-इंग्रजी मिश्रण 'शुद्ध' करू नका, तो तुमचा पुरावा आहे. आणि व्हिसाचा प्रकार, मुदत संपल्याची कबुली, मालकाचं नाव असलं काही उताऱ्यात राहू देऊ नका. सांकेतिक नावांची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून ठेवा. माहिती फुटली तर नुकसान तुमचं नाही, त्या माणसाचं होतं.

आकड्यांची गंमत वेगळीच. संयुक्त राष्ट्रांच्या 2020 च्या अंदाजात भारतात जन्मून बाहेर राहणारे सुमारे 1.79 कोटी आहेत. आपलं परराष्ट्र मंत्रालय त्याच सुमारास 3.2 कोटींच्या आसपासचा आकडा देत होतं. दोन्हींत खोटं काही नाही. पहिला आकडा जन्मस्थळावर चालतो, म्हणून फाळणीत इथून पाकिस्तानात गेलेले वृद्धही त्यात येतात. मॉरिशसला 1834 पासून गेलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचे, पणतू दुसऱ्यात येतात, पहिल्यात येत नाहीत. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर हे दोन आकडे एकमेकांची जागा घेताना दिसले की परीक्षकाची पेन्सिल तिथेच थांबते.

आखाताच्या कामगारांची सरकारी आकडेवारी वापरणाऱ्यांनी आणखी एक खाच लक्षात ठेवावी. परदेशगमनाची मंजुरी लागते ती ईसीआर, म्हणजे 'परदेशगमन तपासणी आवश्यक' असा शेरा असलेल्या, पासपोर्टवाल्यांना, तीही ठरलेल्या 18 देशांत नोकरीला जाताना. दहावी पास झालेल्याला साधारणपणे ती लागत नाही, आणि या आकडेवारीत मोजल्या जातात त्या मंजुऱ्याच. म्हणजे एकाच कॅम्पात, एकाच खोलीत राहणारे दोन फिटर असतील, तर नववी पास असलेला आकड्यात येतो, दहावी पास असलेला येत नाही. शिक्षण वाढलं की आकडा घटतो, आणि विद्यार्थी लिहितो, 'आखाताकडचा ओघ आटला'.

तिसऱ्या आक्षेपात अर्धा भाग तुमचा बरोबर आहे. रॉजर्स ब्रुबेकर या समाजशास्त्रज्ञाने 2005 मध्येच तुमच्यासारखी तक्रार केली होती आणि तीन कसोट्या सांगितल्या होत्या: समूह विखुरलेला असणं, मूळ भूमीशी, प्रत्यक्ष असो वा कल्पनेतली, बांधलेलं असणं, आणि आजूबाजूच्या समाजापासून आपली वेगळी सीमा टिकवणं. कामठीची छावणी 1821 ची, मद्रास फौजेबरोबर तिथे तमिळ आणि तेलुगू भाषक आले. विखुरणं आहे, पण बाकी दोन गोष्टी आज कितपत उरल्यात? लग्नं कुठे जुळतात, कुलदैवताला कुठे जातात, नातवंडं घरी कोणती भाषा बोलतात, हे तपासल्याशिवाय ते लेबल लावू नये. इथे मी तुमच्या बाजूने.

जरीपटक्याला मात्र या कसोट्या चपखल बसतात. मूळ भूमी दुसऱ्या देशात, परतीची वाट बंद, आणि पाकिस्तानातून येऊन अजूनही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी कुटुंबं. अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्राने 2016 मध्ये ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूर होतं. व्हिसा काढून परदेशात गेल्याशिवाय अभ्यास होत नाही म्हणता, पण तो व्हिसा घेऊन राहणारी माणसं तर आपल्या शहरातच आहेत.

मुलाखती जमत नसतील तर कागद आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर ब्रिटिश सरकारच्या परदेशगमन विभागाची प्रकरणं सापडतात. सुरिनामला 1873 पासून गेलेल्या मजुरांची नावनिहाय यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ऑनलाइन शोधता येते. गिरमिटियांच्या पासवर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव असे रकाने असतात. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असल्यामुळे एकाच गावाची चार स्पेलिंगं शोधावी लागतात. नागपूरकरांसाठी यात खास सापळा आहे: 'नागपोर' दिसलं की हुरळून जाऊ नका. ते बहुतेकदा छोटा नागपूर, म्हणजे आजचं झारखंड असतं. ठाण्याचं नाव जुळल्याशिवाय ती नोंद आपली धरायची नाही.

नोकरीचं म्हणाल तर, डायस्पोरा हा नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा स्वतंत्र विषय नाही. म्हणून पदवी समाजशास्त्र, इतिहास किंवा राज्यशास्त्रात घ्या आणि प्रबंध या विषयात करा. हैदराबाद विद्यापीठात 1996 पासून याचं स्वतंत्र केंद्र आहे, पुढे जायचं तर ते एक ठिकाण. सर्वेक्षण आणि आकडेवारी हाताळता येणाऱ्याला काम मिळतं, नुसत्या सिद्धांतावर नाही.

आणि तुम्हाला निर्विवाद डायस्पोराच हवा असेल, तर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही 1972 सालची तिबेटी वसाहत आहे. तिथे प्रश्न ओळख आणि कागद यांतल्या अंतराचा ठेवा. भारतात 26 जानेवारी 1950 नंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी जन्मलेली व्यक्ती कायद्याने जन्मतःच नागरिक असते, तरी अनेक तिबेटी परदेशी नागरिक म्हणून मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्रावरच राहतात. का, ते पिढीनिहाय विचारा: ज्यांचा जन्म या तारखांच्या आत आहे ते, आणि ज्यांचा नंतरचा आहे ते. मात्र डिसेंबरात जाऊ नका. स्वेटरच्या हंगामात कमावती माणसं शहराशहरांतल्या बाजारांत दुकानं लावून बसलेली असतात, वसाहतीत म्हातारी माणसं आणि मुलंच भेटतात, आणि तुमचा वयाचा तक्ता वाकडा होतो. हिवाळ्यात मुलाखती नागपूरच्या स्वेटर बाजारात, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा घ्या, आणि घरोघरीची पाहणी लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवा.