पाना ज्याच्या हातात, दावा त्याच्यावर

नोकरी सोडून स्वतःची कामं घेऊ लागलेल्या प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतारांना पहिला सल्ला ठरलेला असतो: 'प्रायव्हेट लिमिटेड काढ, म्हणजे उद्या काही झालं तर घराला धक्का लागणार नाही.' सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा बहुतेकांना नोटीस हातात पडल्यावर कळतो.

या विषयातला सगळ्यात गाजलेला खटला एका बूट बनवणाऱ्याचा आहे. लंडनच्या आरोन सॉलोमनने 1892 मध्ये आपला चालता धंदा कंपनीच्या नावे केला. भागधारक सात: तो, बायको आणि पाच मुलं. कंपनी बुडाली आणि ज्यांचे पैसे अडकले ते त्याच्या मागे लागले. 1896 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, तिची देणी सॉलोमनच्या खिशातून वसूल होणार नाहीत. पण तो वाद थकलेल्या देण्यांचा होता. कुणाचं घर जळालं नव्हतं, कुणाला शॉक बसला नव्हता.

इथेच घोडं पेंड खातं. कायदा देशागणिक बदलतो, तरी स्वतःच्या हाताने निष्काळजीपणे केलेल्या नुकसानीला तो हात जबाबदार, हे तत्त्व बऱ्याच ठिकाणी सापडतं. पन्नास माणसांच्या कंपनीत मालक आणि गळका जॉइंट यांच्यात बरंच अंतर असतं. एकट्याच्या कंपनीत डायरेक्टरही तुम्ही आणि पाना फिरवणारेही तुम्हीच. वकील नोटीस कंपनी आणि तुम्ही, दोघांच्या नावाने पाठवतो. दुसरं भोक जामिनाचं. बँकेचं कर्ज, घाऊक व्यापाऱ्याची उधारी, गाडीचा हप्ता, सगळीकडे नव्या कंपनीकडून डायरेक्टरची वैयक्तिक हमी मागतात. ती सही केली की त्या रकमेपुरतं 'लिमिटेड' हे पाटीवरच उरतं.

मग कंपनीचा उपयोग काय? मोठं गिऱ्हाईक बुडालं आणि त्यापायी तुमची देणी थकली, तर ती कंपनीकडे राहतात. माणसं कामावर ठेवल्यावर त्यांच्या चुकांचा दावाही बहुधा कंपनीपाशी थांबतो. त्या बदल्यात वेगळं खातं, हिशेब, दरवर्षीची कागदपत्रं. आणि कंपनीच्या खात्यातून घरखर्च चालवला, तर कंपनी आणि तुमच्यामधला पडदा बाजूला सारायला कोर्टाला आयतं कारण मिळतं. एकट्याने काम करणाऱ्याने आधी दायित्व विमा घ्यावा, कंपनीचं नंतर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमा घेताना हप्त्याची तुलना सगळे करतात. वाचायचं असतं ते 'वगळलेल्या बाबी' हे पान. तुमच्या कामामुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ही पॉलिसी पैसे देते. तुमचं खराब झालेलं काम पुन्हा करून द्यायला देत नाही. जॉइंट सुटला आणि खालच्या मजल्याचं छत भिजलं, तर छताचा खर्च विम्यात. जॉइंट मात्र तुमच्या खिशातून. महिनोन् महिने झिरपणारं पाणी पुष्कळ पॉलिसी वगळतात. ठरावीक उंचीवरचं किंवा खोलीखालचं काम, उघड्या ज्योतीचं काम, पोटठेकेदाराचं काम यांना वेगळ्या अटी असतात. गिऱ्हाइकाला डिझाइन करून दिलं, लोड काढून दिला, तर त्या सल्ल्याचा विमा वेगळा लागतो.

तारखांचा घोळ तर फारच थोड्यांना माहीत असतो. काही पॉलिसी नुकसान कधी झालं ते बघतात, काही दावा कधी आला ते. समजा पाइप 2022 मध्ये बसवला, फुटला 2025 मध्ये. पहिल्या प्रकारात 2025 ची पॉलिसी लागते. दुसऱ्या प्रकारात दावा दाखल होतो त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि काम तिच्यात लिहिलेल्या मागच्या तारखेनंतरचं हवं. दोन्हीकडे 'तेव्हा विमा होता की' या वाक्याला शून्य किंमत.

ठेक्याच्या कागदातही विमा निसटतो. 'कोणत्याही कारणाने होणारं सर्व नुकसान कारागीर भरून देईल' अशा ओळीवर सही केली, की कायद्यापेक्षा जास्त जबाबदारी तुम्ही आपणहून अंगावर घेतलेली असते, आणि विमा कंपनी तेवढ्या जादा भागावर हात वर करते. 'आयुष्यभर गळणार नाही' असली हमीही तशीच. त्याऐवजी 'योग्य कौशल्याने आणि काळजीने काम केले जाईल' असं लिहा. जबाबदारीची कमाल रक्कमही लिहा आणि ती विम्याच्या रकमेच्या वर जाऊ देऊ नका. माणसाला झालेल्या इजेवर अशी मर्यादा बऱ्याच देशांत टिकत नाही, हे धरून चाला.

आता कामाकडे, कारण दावा जिंकला किंवा हरला जातो तो चाचणीच्या नोंदीवर. भिंतीत जाणारा पाइप प्लास्टर होण्याआधी, चालू दाबाच्या दीडपटीवर तपासा. आधी हवा पूर्ण काढा. प्लास्टिकचा पाइप दाबाखाली थोडा फुगतो, त्यामुळे सुरुवातीला गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, उतरतो. दाब पुन्हा भरून, स्थिर झाल्यावर वेळ मोजायला घ्या. गेजचा फोटो दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी. वायरिंगमध्ये 500 व्होल्टपर्यंतच्या सर्किटला 500 व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन मोजायचं. आयईसी 60364-6 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान 1 मेगाओहम. डिमर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आधी काढा, नाहीतर मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्रच, त्या जाळेल आणि तो दावा वेगळाच. वेल्डिंगला एनएफपीए 51बी हे अमेरिकी मानक जळाऊ माल 35 फूट, म्हणजे सुमारे 11 मीटर लांब ठेवायला आणि काम संपल्यावर किमान 60 मिनिटं पहारा द्यायला सांगतं. ठिणगी फटीत पडून धुमसत राहते आणि माणसं निघून गेल्यावर पेट घेते, म्हणून हा तास. पॉलिसीत अशी अट असेल आणि तुम्ही वीस मिनिटांत गाडीला किल्ली मारली असेल, तर दावा तिथेच संपला.

आणि नुकसान झालंच तर? पाणी किंवा वीज बंद करा, फोटो काढा, विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. 'चूक माझीच, भरून देतो' हे वाक्य तोंडातून काढू नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करणं पॉलिसीच्या अटीत बसत नाही. माणुसकी जरूर दाखवा, कबुली देऊ नका. फुटलेला नट फेकू नका. जास्त आवळल्याने तडा गेला की ओतकामच सदोष होतं, हे त्या तुकड्यावरून ओळखता येतं. दोष मालाचा निघाला, तर खरेदीचं बिल दाखवून दावा उत्पादकाकडे वळवता येतो.

हेल्पर ठेवलात की तो 'तिसरा माणूस' राहत नाही. तो शिडीवरून पडला तर सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी उपयोगाची नाही, कामगारांचा विमा वेगळा घ्यावा लागतो. 'तो तर रोजंदारीवर' म्हणून सुटका नाही. हत्यारं कुणाची, वेळ कोण ठरवतं, काम कसं करायचं हे कोण सांगतं, हे बघितलं जातं.

हीच कसोटी उलटी लावून बघा. एकाच ठेकेदाराकडे, त्याच्या वेळेत, त्याच्या सांगण्याप्रमाणे वर्षभर काम, आणि कागदावर मात्र तुम्ही 'स्वतंत्र व्यावसायिक'. रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, चूक झाली तर दावा तुमच्यावर. धंद्याची जोखीम सगळी तुमची आणि दर ठरवायची मोकळीक त्याची. याला स्वयंरोजगार म्हणणं मला तरी पटत नाही.

दराचं गणित थोडक्यात. आठवड्याला पाच दिवस धरले तर वर्षाचे 260. सुट्ट्या आणि आजारपणाचे 30, मापं घेणं, कोटेशन, माल आणणं, पैशांसाठी फोन करणं यांचे 50, आणि जुन्या कामांच्या तक्रारींचे 10 वजा करा. बिल लावता येतात ते 170. म्हणजे नोकरीतल्या रोजाइतकीच कमाई हवी, तर दिवसाचा दर 1.53 पट हवा, आणि यात विमा, हत्यारं, गाडी अजून धरलेलीच नाही. शेजाऱ्यापेक्षा थोडा कमी म्हणून दर लावणारा माणूस बहुधा विम्याचाच हप्ता गिऱ्हाइकाला सवलत म्हणून देत असतो.

पॉलिसी दाव्याच्या तारखेवर चालणारी असेल, तर धंदा बंद करतानाही ती लगेच थांबवू नका. जुन्या कामांचे दावे येण्याची मुदत संपेपर्यंत 'रन-ऑफ', म्हणजे धंदा बंद झाल्यावरही चालणारं संरक्षण मागा, आणि चाचणीचे फोटो व बिलंही तोवर जपून ठेवा.