माळढोक शेतकऱ्याने घालवला नाही

पुण्यातल्या मित्रांचं पुन्हा तेच सुरू झालंय: सोलापूरच्या शेतकऱ्यांनी माळ नांगरले, ऊस लावला आणि माळढोक संपवला. बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही नावावर करमाळ्यात गुंठाभर जमीन नाही. आमची आहे, म्हणून मला झोंबतं.

1979 मध्ये सोलापूर-नगरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली, पिकाखालच्या खासगी जमिनीही आल्या. बहिणीच्या लग्नासाठी वडिलांना दोन एकर विकायचे होते. कचेरीत उत्तर मिळालं, ‘अभयारण्यात आहे, खरेदीखत होणार नाही.’ मग चालतं काय? विहीर पाडायची तर परवानगी कोण देणार? कुणी धड सांगितलं नाही. 2012 मध्ये क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर गावाच्या लेखी तो पक्षी म्हणजे सातबाऱ्याला लागलेलं ग्रहण झाला होता.

मी आता राहतो त्या टेक्सासात नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. सोनेरी गालांचा वार्बलर हा छोटा पक्षी घरटं बांधतो ते फक्त इथल्या टेकड्यांत, जुन्या सीडर झाडांची सालपटं कोळिष्टकांनी सांधून. 1990 मध्ये तो धोक्यातल्या यादीत गेला तेव्हा रँचवालेही भडकले होते. पण माझ्या शेजारच्या म्हातारबाबांकडे बायोलॉजिस्ट आला, पिकअपच्या बॉनेटवर त्यांच्याच रानाचा नकाशा पसरला आणि बोट ठेवून म्हणाला: घळीतला हा जुना सीडर राखा, माळावर नव्याने माजलेला खुशाल काढा, फक्त मार्च ते ऑगस्ट करवत नको. पाखरांसाठी रान राखलं तरी ॲग व्हॅल्युएशन, म्हणजे शेतजमीन म्हणून मिळणारी करातली सवलत, कशी टिकते, तेही फॉर्मसकट समजावलं. तिकडे नॉर्थ कॅरोलायनात जुन्या पाइनमध्ये घर करणारा संरक्षित सुतारपक्षी येईल आणि जमिनीवर बंधनं लागतील, या धास्तीने लोक पाइन जुने होऊच देईनात. 1995 पासून त्यांच्याशी करार होऊ लागले: आज आहेत तेवढे पक्षी सांभाळा, पुढे वाढले तर त्यांच्यापायी नवं बंधन येणार नाही. शेतकऱ्याची भीती खरी मानली, म्हणून हे सुचलं.

हे सगळं मी गावी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘तिथल्या पाखराचं तुला एवढं ठाऊक, आपल्या अभयारण्यातल्या नान्नजला कधी गेला होतास का?’ नव्हतो गेलो. जमीन तो कसतो, माझं नुसतं नाव आहे सातबाऱ्यावर. गावाची बाजू घ्यायचा मला किती हक्क उरलाय, हे त्याला विचारायची हिंमत होत नाही.

तरी बोलणार. नान्नजला आता एखादी मादी दिसली तरी बातमी होते. भोवतालच्या गावांत गटनंबरवार नकाशा घेऊन चावडीवर कुणीतरी बसावं, कुठल्या गटात काय चालतं ते मराठीत लिहून, सही-शिक्क्यानिशी द्यावं. शेतकऱ्याला दोष द्यायचाच असेल तर त्यानंतर द्या.