पांडाची पाठ

वॉशिंग्टन डीसीच्या आसपास राहायचं म्हणजे मे ते सप्टेंबर तुम्ही माणूस नसता, टूर गाइड असता. आईवडील, सासूसासरे, मामामामी आणि "अगं ती आपल्या कुलकर्णींची भाची, दोनच दिवस आहे" या सगळ्यांना ठरलेला कार्यक्रम : व्हाइट हाउस बाहेरून, लिंकनचं स्मारक आतून आणि नॅशनल झूतला पांडा. लिंकनचं एक बरं आहे, तो कधीही जा तिथेच बसलेला असतो आणि तोंड आपल्याकडे असतं. पांडाचं तसं नाही.

माझ्या सासूबाईंशी तर पांडाने उभा दावा मांडलाय. त्या नेमक्या 2024 च्या उन्हाळ्यात आल्या आणि तेव्हा इथे पांडाच नव्हते. जुनी जोडी मेई शियांग आणि तियान तियान आणि त्यांचा मुलगा शियाओ ची जी असे तिघंही नोव्हेंबर 2023 मध्ये कराराप्रमाणे चीनला परत गेलेले, तेसुद्धा फेडेक्सच्या खास विमानाने. एवढं लांब आलोय तर जागा तरी बघू म्हणून पांडाच्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढले. सप्टेंबरात त्या पुण्याला गेल्या आणि ऑक्टोबरात बाओ ली आणि चिंग बाओ हे नवे पांडा हजर. लगेच फोन. "मी गेल्यावर आणले होय?" मी म्हटलं, आई, हे दोन देशांच्या सरकारांमधलं प्रकरण आहे. "असू दे," त्या म्हणाल्या, पण अशा आवाजात की चीनला मीच तारीख कळवली होती.

तर यंदा मामामामी आले, कराडहून. मामा साखर कारखान्याच्या हिशोब खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट दाखवली की ती किती सुंदर आहे यापेक्षा ती कशावर चालते हे आधी लागतं. आम्ही रॉकव्हिलहून मेट्रोची रेड लाइन पकडली, मुद्दाम एक स्टेशन आधी क्लीव्हलँड पार्कला उतरलो कारण वूडली पार्ककडून गेलं तर चढ लागतो आणि मामींचे गुडघे, आणि चालता चालता मामांनी तिकीट विचारलं. फुकट आहे म्हटलं, फक्त पास ऑनलाइन काढायचा. मामा थांबलेच. "फुकट? मग जनावर कुणाचं?"

"चीनचं."

"म्हंजे भाड्यानं आणलंय."

झालं. तिथून पुढे सगळा रस्ता मी पांडाचा हिशोब सांगत होते. की सुरुवातीला भाडंबिडं नव्हतं, 1972 मध्ये निक्सन चीनला गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर पांडाचं चित्र असलेला सिगरेटचा डबा होता, निक्सनबाई म्हणाल्या किती गोड, शेजारी बसलेले चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय म्हणाले पाठवतो की, आणि खरंच लिंग लिंग आणि शिंग शिंग अशी जोडी इथे येऊन पोचली, आणि अमेरिकेने त्याबदल्यात चीनला मस्क ऑक्स नावाचे दोन केसाळ ध्रुवीय प्राणी दिले, ज्यांना बघायला कुणी रांग लावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मग 1984 पासून चीनने भेट बंद केली आणि भाड्याने द्यायला लागले, तेव्हाचा दर एका पांडाला महिना 50 हजार डॉलर. आता दहा-दहा वर्षांचे करार असतात, इथल्या जोडीचे वर्षाला 10 लाख डॉलर, 2034 पर्यंत. वर खाणंपिणं, एसी, डॉक्टर सगळं आपलं. आणि पिल्लू झालं तर तेही चीनचं, साधारण चार वर्षांचं झालं की पाठवून द्यायचं.

मामांना हे शेवटचं कलम काही केल्या पचेना. "आमच्यात शेळी अर्धलीनं देतात," ते म्हणाले, "पाळणाऱ्यानं पाळायची, करडं निम्मी-निम्मी. आन् पाळतो म्हणून वर पैसे कोण देत न्हाई. ह्यात तर पाळणाराच पैसे देतोय आन् करडूही मालकाचंच. वकील कोण होता ह्यांचा?"

मी म्हटलं ते पैसे चीनमध्ये जंगलं राखायला वापरायचे असतात, आणि फरकही पडलाय, जंगलातले पांडा अठराशेच्या वर गेलेत, 2016 मध्ये त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत एक पायरी खाली आणलं. मामांनी हं केलं. ऑडिटरला चहा पाजल्यावर तो करतो तसलं हं. फक्त फिनलंडचं ऐकून ते जरा खूश झाले, तिथल्या एका झूने 15 वर्षांसाठी आणलेली जोडी खर्च परवडेना म्हणून 2024 मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी परत केली. "शाबास. हिशोबाची माणसं."

मामी इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इथं जन्मलेलं पिल्लूसुद्धा परत जातं?" हो ना, 2005 मध्ये ताय शान इथेच जन्मला, अख्खं शहर त्याच्या प्रेमात, आणि 2010 मध्ये गेला. इथे जन्मला की अमेरिकन, हे पांडाला लागू नाही. मामींचा मुलगा सिडनीला असतो, नातू तिथलाच. "चीनला जमलं बघा," त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, "करार आधी करावा लागतो."

शेवटी पांडा आला. म्हणजे त्याची पाठ आली. गरम होत होतं त्यामुळे बाओ ली आत एसीत, काचेपलीकडे, आडवा झालेला, आमच्याकडे पाठ करून. मळकट पांढरी, भलीमोठी पाठ, कमरेवर बांबूचं एक पान चिकटलेलं, आणि एक काळा कान जो मधूनच हलायचा. कान हलला की तीसेक माणसं एकदम "ऑऽऽ" करायची आणि सगळे फोन वर. मागे एक काकू चिनी भाषेत त्याला हाका मारत होत्या, त्याने त्यांनाही भाव दिला नाही.

"दिवसभर असाच?" नाही, मी म्हटलं, दिवसातले दहा ते सोळा तास खातो. 40 किलोपर्यंत बांबू. पण त्यातला पाचवा हिस्साही धड पचत नाही म्हणून पुन्हा खायचं आणि मधल्या वेळात हे असं. मामींनी दुसरी कुठंय विचारलं, म्हटलं ती पलीकडे, वेगळी, पांडांना एकेकटंच राहायला आवडतं, आणि मादीचा तो काळ तर वर्षातून दोन-तीन दिवसांचाच असतो. "मग जोडी कशाला म्हणायचं," मामी म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

तेवढ्यात तो उठला. खरंच उठला, गर्दीत सन्नाटा, मी मामांना पुढे ढकललं. त्याने दोन पावलं टाकली, हिरव्या रंगाचे तीन-चार लांबट लेंडके टाकले, जागेवर गोल वळला आणि पुन्हा आडवा झाला. पाठ आमच्याकडेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दहा लाख डॉलर," मामा म्हणाले.

निघताना त्यांनी विचारलं, आपल्या देशाने काय दिलं इथे? अंबिका नावाची हत्तीण, म्हटलं, कूर्गच्या जंगलातली, 1961 मध्ये भारतातल्या मुलांच्या वतीने भेट, 2020 पर्यंत इथेच होती, सत्तरी ओलांडून गेली. टोकियोलाही 1949 मध्ये नेहरूंनी इंदिरा नावाची हत्तीण पाठवली होती, तिथल्या मुलांनी पत्रं लिहिली म्हणून.

"भाडं?"

"काही नाही."

"तरीच," मामा म्हणाले, आणि मेट्रो येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मला वाटलं विषय संपला. पण जाताना नवऱ्याने त्यांच्या फोनवर पांडा कॅम लावून दिला. झूचाच कॅमेरा, दिवसभर लाइव्ह. आता कराडला संध्याकाळचा चहा झाला की मामा तो लावून बसतात, म्हणजे इथे सकाळ, म्हणजे माझी ऑफिसची मीटिंग. परवा माझं प्रेझेंटेशन चालू होतं आणि फोन थांबेचना, म्हटलं काही बरंवाईट तर नाही, कॅमेरा बंद करून घेतला.

"अगं उठलाय! इकडं तोंड केलंय, बसून खातोय चांगला! जा पटकन!"

"मामा, मी घरी आहे, तासभर लागतो जायला. आणि मीटिंग चाललीये माझी."

"मीटिंग काय रोजचीच. घे, बोलत बसलीस, झोपला तो."